निकेल मेलं नव्हतं

माझा कॅटॅलिस्ट मेला, असं साहेबांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं तेव्हा माझ्या हातात गरम चहाचा कप होता. तो मी कुणाच्या अंगावर ओतला नाही, याचं श्रेय मला आजवर कुणी दिलेलं नाही. मी एवढंच म्हणाले, "मेला नाही. मारलाय." साहेब हसले. त्यांना वाटलं, बाई भावनिक झाल्या. मी भावनिक झाले नव्हते, चिडले होते, आणि या दोन गोष्टींतला फरक वाळूजच्या आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये कुणालाच कळत नव्हता.

आम्ही तिथं काय करत होतो ते आधी सांगते. वाळूजला बिअरचे कारखाने आहेत. बिअर आंबताना टाक्यांमधून कार्बन डायऑक्साइड निघतो. त्यातला काही कारखाने परत वापरतात, उरलेला हवेत सोडून देतात. आमची कंपनी छोटी. शेजारच्या कारखान्याचा हा सोडून दिलेला गॅस आम्ही पाइपनं शेडमध्ये घ्यायचो. छतावरच्या सोलरच्या विजेवर पाण्यातून हायड्रोजन काढायचो. हे दोन गॅस तापवून एका जाड पोलादी नळीतून सोडले आणि त्या नळीत योग्य कॅटॅलिस्ट, म्हणजे उत्प्रेरक, भरलेला असला, की दुसऱ्या टोकानं मिथेन आणि पाणी बाहेर येतं. मिथेन म्हणजे गोबर गॅसच्या शेगडीत जळतो तोच. तो त्याच कारखान्याच्या बॉयलरखाली जाळायचा, असा एकूण बेत होता.

आणि कॅटॅलिस्ट माझा होता. या 'माझा' शब्दावर साहेबांनी एकदा हरकत घेतली होती. "कंपनीचा म्हणा मॅडम," असं ते म्हणाले होते. म्हटलं मी, दोन-चार दिवस. पण साबुदाण्याएवढे ते पांढरे गोळे निकेलच्या हिरव्या द्रावणात मी भिजवत होते, वाळवत होते, भट्टीत भाजत होते. द्रावण किती घट्ट ठेवायचं, भट्टी किती सावकाश तापवायची, जोडीला सेरियम नावाच्या दुसऱ्या धातूचं बोट किती लावायचं, हे ठरवण्यात माझी तिशी निघून गेली. हिरवे गोळे भट्टीतून काळपट होऊन बाहेर आले की मला अजूनही पहिल्यांदा पोळी फुगल्यासारखा आनंद होतो. कंपनीला होतो का, विचारून बघा.

आईला समजावताना मात्र मी हरले. आई दौलताबादला, शेतात. तिला मी सांगितलं, की हे दोन गॅस एरवी एकमेकांकडं ढुंकून बघत नाहीत, पण निकेलच्या अंगावर आले की जुळतात, आणि निकेल स्वतः तसंच राहतं.

"म्हंजे इरजण," आई म्हणाली.

"नाही गं. विरजण दह्यात जातं. हे कशातच जात नाही."

"जात नाय? मंग रोज नवं कशाला करीत बसतीस?"

या प्रश्नावर मी चपलेचा अंगठा नीट करायला वाकले. बाहेरच्यांना आई काही सांगायच्या भानगडीत पडतच नाही. गुलमंडीत एकदा साड्या बघताना मावशी भेटली, तिनं विचारलं, पोरगी काय करते. आई म्हणाली, "गॅसवर हाय." मावशी म्हणाली, "एजन्सीत का?" आई म्हणाली, "व्हय, तसंच समज." बिअरच्या कारखान्याचा उल्लेख त्या दुकानात होणं शक्यच नव्हतं.

तर हा कॅटॅलिस्ट आमच्या प्रयोगशाळेतल्या बोटाएवढ्या काचेच्या नळीत महिनोन्महिने चालला. शेडमधल्या मोठ्या नळीत भरला, तर काही दिवसांत मिथेन कमी कमी होत बंद. ताजा माल भरला, तोही तसाच गेला. साहेबांचा निष्कर्ष तयार होता. "लॅबमध्ये सगळंच चालतं हो. प्लांट वेगळी गोष्ट आहे." त्यांच्या टेबलावर परदेशी कंपनीच्या कॅटॅलिस्टचा नमुना सीलबंद डब्यात ठेवलेला होता. येईल त्याला ते तो डबा उचलून दाखवायचे, लग्नात आलेला आहेर दाखवावा तसा. आता बिअर कारखान्याची माणसं बघायला येणार होती, आणि त्यांना साहेब सांगणार होते की आपला घरचा कॅटॅलिस्ट टिकला नाही, बाहेरचा घेऊ.

मला नोकरीची भीती नव्हती. दुसरी मिळाली असती, कुठंतरी औषधांच्या कंपनीत गोळ्यांची तपासणी करत बसले असते. पण एकदा एखादी गोष्ट मेली असं ठरलं, की तिला परत उकरून कुणी बघत नाही. 'ते निकेलचं करून झालंय, चालत नाही,' एवढं एक वाक्य उरतं आणि ते पुढच्या प्रत्येक माणसाला ऐकवलं जातं. माझ्या तिशीचं ते एक वाक्य व्हायला मी तयार नव्हते. मी साहेबांना म्हटलं, पाहुणे यायच्या आधी नळी मला उघडू द्या.

"उघडून काय बघणार? मेलेलं आहे ते."

"डॉक्टरसुद्धा बघतात, साहेब."

नळी रिकामी करायची आमची पद्धत सरळ होती. थंड करायची, खालची झाकणी काढायची आणि सगळे गोळे बादलीत ओतायचे. वरचे, खालचे, मधले, सगळ्यांचा काला. मी म्हटलं, यावेळी बादली नाही. वरून थर थर काढायचा, प्रत्येक थर वेगळ्या बरणीत. काम वेळखाऊ होतं, कारण असलं निकेल एकदम उघड्या हवेला लागलं तर आपोआप पेटतं. त्याला नायट्रोजनमध्ये ठेवून हवेची सवय हळूहळू लावावी लागते. माझ्या मदतीला आमचे फिटर मामा होते. बजाजनगरला राहणारे, कंत्राटातले, शेडमधला प्रत्येक पाइप त्यांच्या हातचा. मी बाकी सगळ्यांवर डाफरायचे, मामांवर नाही. ते माझ्यावर डाफरायचे.

"ताई, एवढं चाळून काय सोनं निघायचंय व्हय?"

"निघेल मामा. बरणी धरा सरळ."

मग एकेका बरणीतले गोळे मी काचेच्या नळीत घालून तपासले. वरचा थर पूर्ण मेलेला. मधला अर्धामुर्धा. तळाचा थर मात्र ठणठणीत, काल भट्टीतून काढल्यासारखा. मी ते आकडे बघून टेबलावर हात आपटला. कॅटॅलिस्ट मुळातच कमजोर असता तर सगळीकडंच दमला असता. हा वरून खाली मरत गेला होता. म्हणजे गॅसबरोबर काहीतरी आत येत होतं आणि पहिलं निकेल दिसलं की त्याला चिकटून बसत होतं. निकेलला असं धरून बसणारं आणि न सोडणारं एक जुनं दुखणं आहे. ते म्हणजे गंधक.

"मग बिअरवाल्यांच्या गॅसमध्ये असेल," साहेब हात झटकून मोकळे.

बिअरच्या गॅसमध्ये थोडं गंधक असतंच. म्हणून तर वाटेत आम्ही एक पिंप बसवलं होतं, गंधक पकडून ठेवणाऱ्या भुकटीचं. पिंपाच्या पुढं मी शिशाच्या क्षाराचा कागद धरला. गंधकाचा गॅस लागला की हा कागद काळा पडतो. तो पांढराच राहिला. तोच कागद नळीच्या तोंडाशी धरला, सगळी लाइन गरम असताना. काही वेळानं त्याच्यावर तपकिरी झाक आली. म्हणजे गंधक पिंपाच्या पुढं आणि नळीच्या अलीकडं कुठंतरी जन्माला येत होतं. तिथं होतं काय? हातभर पाइप आणि एक जोड. जोडावर उष्णता राखायला चांदीच्या कागदाचं जाड वेष्टन.

"मामा, हा जोड उघडू."

मामा पान्हा पुसत होते. ते पुसतच राहिले. "तो जोड ठीक हाय ताई. म्या सोता बसवलाय. गळत नाय."

"गळत नाही, पण बघू."

वेष्टन मीच सोडवलं. बोल्ट मामांनी काढले, सावकाश, बघत नव्हते माझ्याकडं. जोडाच्या दोन चकत्या एकमेकींपासून सुटल्या आणि वास आला. भर उन्हात पंक्चरच्या दुकानासमोर उभं राहिल्यावर येतो तो वास. दोन चकत्यांच्या मध्ये एक काळं वायसर होतं, ट्रकच्या जुन्या ट्यूबमधून कात्रीनं कापलेलं. आतली कड गरमीनं मऊ पडून चिकट झाली होती.

मी ते वायसर ओळखलं. आमच्या विहिरीवरच्या मोटारीला अशीच वायसरं असायची. वडील ट्यूबच्या तुकड्यावर वाटी ठेवून खिळ्यानं गोल आखायचे, आणि बोल्टाची भोकं पाडायचं काम माझ्याकडं असायचं. आमच्या भागात पाइपचा जोड गळला की कुणी दुकानात जात नाही, आधी ट्यूब शोधतो. पाण्याला ते वर्षानुवर्षं टिकतं. पण रबर घट्ट व्हावं म्हणून त्यात गंधक घालतात, आणि ते तापलं की गंधक सुटायला लागतं. विहिरीच्या गार पाण्यात हे कधीच कळणार नाही. इथं ते तासन्‌तास भाजत होतं, आणि त्याचा वाफारा सरळ माझ्या निकेलवर जात होता.

"गळत होतं ताई," मामा म्हणाले. "हायड्रोजन हाय त्यो. ठिणगी पडली असती तर शेडसकट आपुन गेलो असतो. जोडात घालायचं धातूचं गॅस्केट मागितलं होतं म्या. लई डाव मागितलं. साहेब म्हनायचे, बघू, बघू. मंग काय करायचं? कापलं."

"ट्यूबमध्ये गंधक असतं मामा."

त्यांनी वायसर हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, नाकाशी धरलं. "एवढ्याशानं?"

"एवढ्याशानं."

त्यांनी वायसर माझ्या तळहातावर ठेवलं. मग म्हणाले, "सांगा साहेबाला. तुमचं काम खरं हाय. काय व्हायचं ते होईल माझं."

काय होणार होतं ते दोघांनाही माहीत होतं. कंत्राटातल्या माणसाला काढायला कारण लागत नाही, आणि इथं तर कारण हातात होतं. मला मामांचा प्रचंड राग आला. वायसर कापलं म्हणून नाही. स्वतःला इतक्या सहज देऊन टाकायला निघाले म्हणून. "गप बसा मामा," मी म्हटलं. "तुमचं नाव माझ्या तोंडून निघणार नाही, आणि तुम्हीही काढायचं नाही."

"मंग तुमचं कसं खरं व्हनार?"

"बघा तुम्ही."

पाहुणे दुपारी येणार होते. सकाळी साहेब यायच्या आत मी त्यांच्या टेबलावरचा परदेशी डबा उचलला आणि त्याचं सील फोडलं. कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर 'बघू' म्हणाले असते. प्रयोगशाळेतल्या भट्टीत काचेच्या तीन नळ्या शेजारी शेजारी लावल्या. पहिलीत माझा कॅटॅलिस्ट, लाइन स्वच्छ. दुसरीतही माझाच, पण त्याच्या आधीच्या गरम पाइपात त्या वायसरचा एक तुकडा. तिसरीत परदेशी, त्याच्याही आधी वायसरचा तसाच तुकडा. तिन्हींना एकच गॅस, तेवढाच, तितकाच गरम. मिथेन डोळ्यांना दिसत नाही, पण त्याच्याबरोबर पाणी तयार होतं ते दिसतं. म्हणून प्रत्येक नळीच्या शेवटी बर्फात एक छोटी काचेची बाटली ठेवली. सुरुवातीला तिन्ही बाटल्यांत थेंब पडत होते. मग मी त्यांच्यासमोर स्टूल घेऊन बसले आणि जेवायलाही उठले नाही.

साहेब पाहुण्यांना घेऊन आले तेव्हा पहिल्या बाटलीत थेंब पडत होता. दुसऱ्या आणि तिसऱ्या बाटलीत थेंब थांबले होते. त्यांच्यात आधीचं पाणी होतं, नवीन पडत नव्हतं. पाहुण्यांमध्ये एक पिकल्या केसांच्या बाई होत्या, कारखान्यातल्या बॉयलरच्या प्रमुख. त्यांनी पर्स खुर्चीवर ठेवली आणि सरळ वाकून बघायला लागल्या. मी त्यांना तीन नळ्यांत काय काय आहे ते सांगितलं. बाजूच्या यंत्राच्या पडद्यावर मिथेनची रेघ दाखवली, पहिलीची उंच, उरलेल्या दोघींची जमिनीला टेकलेली.

साहेबांचं लक्ष तिकडं नव्हतं. त्यांना फोडलेलं सील दिसलं होतं. "हा सॅम्पल कुणाला विचारून उघडला?"

"कुणालाच नाही."

"मॅडम, तो बाहेरून मागवला होता."

"होय. आणि माझ्यासारखाच मेला. त्याला नळीत घालून दोन-चार तास पण झाले नसतील." माझा आवाज चढला होता, चढू दिला मी. "तुम्ही म्हणालात माझा कमजोर आहे. मग हा? हा तर तुमच्या टेबलावरचा आहे. ट्यूबचं रबर ज्या लाइनमध्ये आहे त्या लाइनमध्ये कुणाचंही निकेल घाला, मरणारच. माझं नसलं तर परदेशातलं मरेल, महाग मरेल, एवढाच फरक."

बाई हसल्या. मग त्यांनी साहेबांना विचारलं, "पण मोठ्या लाइनमध्ये रबर आलं कुठून?"

खोलीत सगळे माझ्याकडं बघायला लागले. दारात मामा उभे होते, हातात पान्हा, आणि मला त्यांचं तोंड उघडताना दिसलं.

"कुणी बसवलं ते?" साहेबांनी विचारलं.

मामा बोलायच्या आत मी बोलले. "ज्यानं गॅस्केट मागितलं आणि ज्याला ते मिळालं नाही, त्यानं."

"नाव सांगा मॅडम."

"आधी गॅस्केट कुणी दिलं नाही त्याचं नाव सांगू का?"

साहेबांनी टायची गाठ चाचपली. पहिल्या बाटलीत तेवढा थेंब पडला. मामांनी तोंड मिटलं आणि मान खाली घातली, आणि मी त्यांच्याकडं मुद्दाम बघितलं नाही.

तांब्याचं चांगलं गॅस्केट दुसऱ्याच दिवशी आलं. इतक्या दिवसांत न मिळालेलं एका दिवसात मिळतं, हे बघून मला पुन्हा संताप आला, पण तो मी गिळला. बॉयलरच्या बाईंनी सांगून टाकलं होतं, की जे डोळ्यांनी चालताना पाहिलं तेच भरा. साहेबांनी नाइलाजानं माझा माल नळीत भरू दिला, 'तात्पुरता' म्हणून. परदेशी येईपर्यंत.

पण त्यांनी ते नाव सोडलं नाही. काही दिवसांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं. आवाज गोड होता, आणि गोड आवाजाची मला कडू आवाजापेक्षा जास्त चीड येते. म्हणाले, "हे बघा मॅडम, मुख्य ऑफिसला अहवाल गेलाय की कॅटॅलिस्ट फेल. तो बदलायचा तर खरं कारण लिहावं लागेल. कारणात चूक कुणाची हे लिहावं लागेल. तुम्ही नाव द्या, मी तुमचा कॅटॅलिस्ट पास करून घेतो. वरती तुमचं नाव जाईल. मोठा प्लांट होईल तेव्हा तुम्हीच प्रमुख."

खोटं का बोलू, एक क्षण मोह झाला. तिशी माझी, गोळे माझे, आणि समोरचा माणूस एका शब्दाच्या बदल्यात ती परत देत होता. मला ती हवी होती. फार हवी होती. मी खुर्चीवरून उठले.

"कारण लिहा, गॅस्केट दिलं नाही."

"ते लिहिता येणार नाही."

"मग राहू द्या."

"तुमचा कॅटॅलिस्ट फेलच राहील मग. कायमचा."

"कागदावर राहील ना? राहू द्या की. नळीत चालू आहे."

मी बाहेर आले. मामा जोडापाशी उभे होते, कान लावून, हल्ली त्यांना तशी सवयच लागली आहे. "चालू हाय ताई," ते म्हणाले. केबिनमध्ये काय झालं ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

परदेशी कॅटॅलिस्टची पिंपं नंतर आली. ती शेडच्या कोपऱ्यात आहेत, त्यांच्यावर धूळ बसली आहे आणि दुपारी एक मांजर झोपतं. चालती नळी बंद करून ती रिकामी करायची हिंमत कुणालाच होत नाही, साहेबांनाही नाही. शेजारच्या बॉयलरखाली मिथेन जळतो आहे. मुख्य ऑफिसातून कुणी आलं की साहेब त्यांना लाइन दाखवतात, बॉयलरची ज्योत दाखवतात, आणि कॅटॅलिस्टचा विषय आला की पुढं चला म्हणतात. त्यांच्या अहवालात तो मेलेला आहे. मेलेल्या मालावर चालणारा आमचा एकटाच प्लांट असेल.

परवा दौलताबादला गेले होते. आई अंजिरं निवडत बसली होती. तिनं मान वर न करता विचारलं, "तुझं ते गॅसचं मेलं म्हनत होतीस, त्याचं काय झालं?"

"साहेब म्हणतात, मेलं."

"आन तू?"

"मी रोज त्याचं पाणी मोजते."

आईनं एक चांगलं अंजीर माझ्या हातात दिलं. "मंग म्हनू दी त्याला," ती म्हणाली.